एकोणीस गैरहजेऱ्या

सत्यजितच्या तळहाताला सहा टाके पडले होते, पण शुक्रवारी संध्याकाळी रुवैसच्या साइटवरून घरी आल्यावर त्याने सांगायला सुरुवात केली ती टाक्यांपासून नाही, नर्सपासून.

"आई, साइटवर पत्रा लागला म्हणून क्लिनिकमध्ये गेलो. तिथली इनचार्ज सिस्टर माझं कार्ड बघतच राहिली. म्हणाली, मेहेंदळे? तुझे वडील ग्रेनाडाला मॅथ्स शिकवायचे का? मी हो म्हटलं तर खुर्चीत बसलीच ती. म्हणते, मी तुला कडेवर घेऊन फिरवलंय. व्हर्लिन नाव तिचं. आठवते तुला?"

कुमुद ओट्यापाशी कणीक मळत होती. "आठवते," ती म्हणाली आणि मळून झालेल्या कणकेत पुन्हा पाणी ओतलं.

बाहेरच्या खोलीतून चंद्रशेखर उठून आले. त्र्याहत्तराव्या वर्षी गुडघ्यांची कुरकुर असते, तरी त्या वेळी ते चटकन आले. "व्हर्लिन? अरे, माझ्या त्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी! आहे कुठे, कशी आहे? बोलाव तिला जेवायला. उद्याच बोलाव."

"उद्या तिची ड्युटी आहे, बाबा. पुढच्या शनिवारी येईन म्हणालीय. दुबईत तिची एक मैत्रीण राहते, तिच्याकडे उतरेल."

म्हणजे हातात आठ दिवस होते. कुमुदने ती सैल झालेली कणीक बाजूला ठेवली आणि नवं पीठ घेतलं.

दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमधल्या या सातव्या मजल्यावरच्या घरात ग्रेनाडाचा विषय निघाला नाही असा आठवडा सहसा जात नसे. चंद्रशेखर चिपळूणला हायस्कुलात गणित शिकवत असताना वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून त्यांनी अर्ज केला होता, आणि सत्त्याऐंशी साली बायको, वर्षाचा मुलगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन ते कॅरिबियन समुद्रातल्या त्या एवढ्याशा बेटावर जाऊन पोचले होते. चार वर्षं राहिले. त्यानंतर दुबईत चोवीस वर्षं शिकवलं, इथेच निवृत्त झाले, मुलाच्या व्हिसावर इथेच राहिले. पण आठवणी निघायच्या त्या बेटाच्या. पॉइंट रोझ नावाच्या गावातली ती टेकडीवरची शाळा. पत्र्याच्या छपरावर पाऊस सुरू झाला की फळ्याकडे बोट दाखवून मुक्यानेच शिकवावं लागे. जायफळाच्या वखारीत बायका रांगेने बसून जायफळं निवडायच्या आणि वारा फिरला की वर्गात तो वास शिरायचा. कुमुद गुहागरची. तिकडचं ब्रेडफ्रूट पाहिल्यावर ती म्हणाली होती, अहो, हा तर आपला नीरफणस. तेव्हापासून तिला ते गाव परकं वाटलं नव्हतं.

या सगळ्या आठवणींत चंद्रशेखरांची एक गोष्ट ठरलेली होती. नात पर्णिका शाळा बुडवायची म्हणाली की ती हमखास निघायची. रविवारी सकाळी तेच झालं. पर्णिका सातवीत होती. मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं म्हणून तिला सोमवारी सुट्टी हवी होती.

"पर्णिका, मी एक नियम केला होता," चंद्रशेखर म्हणाले. "सत्रात पंधराच्या वर गैरहजेऱ्या झाल्या की शालान्त परीक्षेला माझ्या विषयात नाव पाठवणार नाही. विषयशिक्षकाची सही असल्याशिवाय नाव जातच नसे. आणि माझ्या सगळ्यात हुशार मुलीच्या एकोणीस भरल्या. हेडमास्तर म्हणाले, सोडून द्या. मी म्हटलं, नियम हुशार मुलांसाठी वेगळा नसतो. खोडलं तिचं नाव. आणि आता बघ, तीच मुलगी एवढ्या मोठ्या क्लिनिकची इनचार्ज आहे. शिस्तीने कोणाचं वाईट होत नाही."

"आबा, दॅट्स सो हार्श," पर्णिका म्हणाली आणि फोनकडे वळली.

इतकी वर्षं ही गोष्ट निघाली की कुमुद काहीतरी काम काढून आत जायची. या वेळी तिला उठताच आलं नाही. तीन त्रिक नऊ म्हणावं इतकं साधं होतं ते सगळं, आणि सदतीस वर्षांत तिच्या तोंडून निघालं नव्हतं.

अठ्ठ्याऐंशीच्या ऑक्टोबरात चौथ्या महिन्यात तिचा गर्भ गेला. राजधानीच्या इस्पितळात दोन रात्री काढून ती घरी आली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, महिनाभर पडून राहायचं, वजन उचलायचं नाही. घरात दोन वर्षांचा सत्यजित. शेजारच्या मिस अगाथा सकाळपासून येऊन बसू लागल्या. चंद्रशेखर निर्धास्तपणे सातला शाळेत जायचे. पाचव्या दिवशी मिस अगाथांना लेकीच्या बाळंतपणासाठी त्रिनिदादला जावं लागलं. नवऱ्याला सांगू म्हणता म्हणता कुमुदने सांगितलं नाही. त्यांची रजा नुकतीच संपली होती, वर्षभराने करार पुढे वाढायचा होता.

त्या सकाळी वरच्या घरातली व्हर्लिन कुंपणापाशी थांबली. सोळा वर्षांची, अंगात निळा गणवेश, खांद्याला दप्तर. आईवडील नव्हते, आजीबरोबर राहायची. आजी जायफळाच्या वखारीत कामाला. व्हर्लिन संध्याकाळी सरांच्या व्हरांड्यात गणितं सोडवायला यायची आणि जाताना सत्यजितला खेळवून जायची. तिने खिडकीतून पाहिलं तेव्हा कुमुद स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती आणि रडणाऱ्या पोराला एका हाताने धरून ठेवत होती. व्हर्लिन आत आली, दप्तर खुंटीला लावलं आणि म्हणाली, "तुम्ही पडा, मिस कुमुद."

दोन दिवसच, असं ठरलं होतं. त्याचे एकोणीस झाले. मुलगी सात वाजून गेल्यावर यायची, सर परत यायच्या आत निघून जायची आणि त्या दिवसांत संध्याकाळच्या गणितांनाही आली नाही. कारण चंद्रशेखरांचा आणखी एक नियम होता. काही मास्तर मुलांकडून अंगण झाडून घ्यायचे, कपडे धुऊन घ्यायचे, त्यावरून ते एकदा शिक्षकांच्या खोलीत कडाकडा भांडले होते. माझ्या घरात विद्यार्थी काम करणार नाही, असं सगळ्यांसमोर म्हणाले होते. व्हर्लिनने तर कुमुदची रक्ताची चादरसुद्धा धुतली होती.

"शाळेत काय सांगू?" मुलीने विचारलं होतं.

"तू काही सांगू नकोस. सरांना मी सांगते," कुमुद म्हणाली होती.

आणि सांगितलं नाही. आधी अंगात त्राण नव्हतं म्हणून, मग ते चिडतील म्हणून, मग परीक्षेची यादी लागली तेव्हा अजून वेळ आहे म्हणून, आणि नावं गेल्यावर आता काय उपयोग म्हणून.

मंगळवारी सून शर्वाणीला सुट्टी होती. दोघी बर दुबईला गेल्या. पाहुणीला काहीतरी द्यावं असं कुमुदच्या मनात होतं. मीना बाजारातल्या तीन दुकानांत शर्वाणीने शाली उलगडायला लावल्या. "एकशे ऐंशी दिरहम, म्हणजे सव्वाचार हजार. ठीक आहे ना, आई?" कुमुदने शालीवरून हात फिरवला आणि परत ठेवली.

"नको," ती म्हणाली. "शाल देऊन काय होणार आहे?"

शर्वाणीला काही उमगलं नाही. पण ती समजूतदार मुलगी होती; तिने सासूला खाडीकाठच्या बाकावर नेऊन बसवलं, चहा आणून दिला आणि विचारत बसली नाही. पलीकडे जाणाऱ्या अब्रा होड्या माणसांनी भरत होत्या, सुटत होत्या. कुमुदने ठरवलं, आज घरी गेल्यावर सांगायचं. घरी गेल्यावर पाहिलं तर चंद्रशेखर जुन्या फायलीतून वर्गाचा फोटो शोधून काढत होते. "ही बघ, मागच्या रांगेत, डावीकडून तिसरी," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद पाहून तिने पुन्हा एक दिवस पुढे ढकलला. असे आणखी तीन ढकलले.

शनिवारी साडेबाराला व्हर्लिन आली. उंच, भरल्या अंगाची, केस बारीक कापलेले, कानात लहानशा सोन्याच्या रिंगा. दारातच तिने चंद्रशेखरांचे दोन्ही हात धरले. मग ती कुमुदकडे वळली आणि अगदी हळू, एकेक अक्षर शोधत मराठीत म्हणाली, "दूध पी, सोन्या."

सत्यजित हसला. "हे मला म्हणायचीस?"

"रोज. तुझी आई म्हणायची तसं. अर्थ कळायला मला आठवडा लागला."

पुढचं बोलणं इंग्रजीत झालं. चंद्रशेखरांनी फोटो दाखवला. कोण कुठे आहे, कोण गेलं, दोन हजार चारच्या वादळात शाळेचं छप्पर कसं उडालं, जायफळाची झाडं कशी मुळासकट पडली, हे व्हर्लिनने सांगितलं. तिची आजी त्या वादळानंतर वर्षभराने वारली. बटाट्याची भाजी, वरणभात, पुरी, श्रीखंड, सगळं तिने चवीने खाल्लं. कुमुदला वाटू लागलं, कदाचित ही विसरली असेल. माणसं विसरतात. आयुष्य चांगलं गेलं की मागचं पुसट होतं.

श्रीखंडाची वाटी बाजूला सारून चंद्रशेखर म्हणाले, "व्हर्लिन, तुला एक विचारायचं होतं. माझ्या हातून तुझं नाव खोडलं गेलं, त्याचा तुला राग आला असेल. मी माझं काम केलं. पण तू कधी ऐंशीच्या खाली न उतरलेली मुलगी. त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तू होतीस तरी कुठे?"

व्हर्लिनला ती थट्टा वाटली असावी. ती हसली. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून तिचं हसू थांबलं.

"सर, तुम्हाला माहीत आहे."

"मला कसं माहीत असणार? मी वर्गात विचारलं तर तू म्हणालीस, घरी होते."

"घरी होते म्हणाले. कोणाच्या घरी ते म्हणाले नाही. मला वाटलं, तुम्हाला सांगितलेलं आहे."

तिने कुमुदकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. एखादा आकडा चुकीचा वाटला म्हणून पुन्हा वाचावा तशी ती पाहत होती. कुमुदच्या लक्षात आलं, आपण आत्ताही गप्प बसलो तर ही मुलगी काहीतरी कारण सांगून वेळ निभावून नेईल. आजी आजारी होती म्हणेल. आणि ते आपण आणखी एकदा तिच्याकडून करून घेतलं असं होईल.

"ती आपल्या घरी होती," कुमुद मराठीत म्हणाली. मग व्हर्लिनलाही कळावं म्हणून तिने सगळं इंग्रजीत सांगितलं: मिस अगाथांचं जाणं, खुंटीवरचं दप्तर, चादर, आणि सरांना मी सांगते हे शब्द. "एकोणीसच्या एकोणीस दिवस माझ्याकडे. मी सांगते म्हणाले आणि सांगितलं नाही. मी तुम्हाला घाबरले. नंतर मला माझीच लाज वाटायला लागली."

"आजी," पर्णिका हलकेच म्हणाली, "यू नेव्हर टोल्ड हिम?"

"नाही."

चंद्रशेखरांनी ताट पुढे सारलं. "त्या यादीवर माझी सही आहे," एवढंच म्हणाले. मग उठले, हात धुतले आणि आतल्या खोलीत गेले. दार उघडंच राहिलं. ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसलेले सगळ्यांना दिसत होते.

"मला वाटत होतं त्यांना माहीत आहे," व्हर्लिन म्हणाली. "माहीत असून खोडलं असं मी सदतीस वर्षं धरून चालले. माझ्या नवऱ्याला, मुलांना मी सांगितलंय, असा एक माणूस होता." ती कुमुदकडे वळली. "गणिताशिवाय टीचर्स कॉलेजात घेत नव्हते. चार वर्षं आजीशेजारी बसून जायफळं निवडली. मग त्रिनिदादला लोकांची घरं पुसली. चोविसाव्या वर्षी शाळेतल्या पोरींबरोबर परीक्षेला बसले तेव्हा त्या मला पर्यवेक्षक समजल्या. त्यानंतर नर्सिंग. मला शिक्षिका व्हायचं होतं, मिस कुमुद. हे वाईट नाही. पण मला ते व्हायचं होतं."

कुमुदने मान हलवली.

टॅक्सी आल्यावर ती व्हर्लिनबरोबर खाली गेली. व्हर्लिन नको म्हणाली असती तर ती गेली नसती. दारापाशी ऊन भाजत होतं. व्हर्लिनने टॅक्सीवाल्याला एक मिनिट थांबायला सांगितलं.

"त्यानंतर तुम्ही अडीच वर्षं तिथे होतात," ती म्हणाली. "मी वखारीतून येताना तुमच्या दाराशी थांबायचे. कधी आंबे द्यायचे, कधी मासे. आठवतं?"

"आठवतं. मला वाटायचं, तू मला माफ केलंस."

"मी यायचे ते तुम्हाला अजून एकदा संधी मिळावी म्हणून," व्हर्लिन म्हणाली आणि टॅक्सीत बसली.

त्यानंतर घरात पाच दिवस चंद्रशेखर कुमुदशी बोलले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. चहा समोर ठेवला की प्यायचे, विचारलं तर हो किंवा नाही म्हणायचे, आणि संध्याकाळी खालच्या तळ्याभोवती एकटेच फेऱ्या मारायचे. बुधवारी पर्णिकाच्या शाळेतून हजेरीचा मेसेज आला तेव्हा सवयीने सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते पेपर वाचत राहिले. शर्वाणी रात्री सासूच्या खोलीत येऊन बसली, तिचे पाय चेपू लागली, तेव्हा कुमुदला त्या आठवड्यात पहिल्यांदा रडू आलं.

गुरुवारी सकाळी कुमुद कपड्यांच्या घड्या घालत होती. चंद्रशेखर येऊन समोर बसले.

"तू सांगायला हवं होतंस," ते म्हणाले.

"हो."

"माझी इतकी भीती वाटायची तुला?"

तिने खरं ते सांगायचं ठरवलं. "तुमची नाही. तुमच्या नियमांची. तुम्ही स्वतःलाही कधी सोडलं नाहीत. मला काय सोडणार होतात?"

ते एक टॉवेल उचलून त्याची घडी घालू लागले. ती नीट जमेना. "पण मीही तिला दुसऱ्यांदा विचारलं नाही, कुमुद. घरी होते म्हणाली, मी पुढच्या नावाकडे वळलो. अशी मुलगी एकोणीस दिवस येत नाही आणि तिचा मास्तर टेकडी उतरून तिच्या आजीला विचारायला जात नाही. आपल्या घराच्या वर राहायची ती. शंभर पावलं होती. आणि मी ही गोष्ट सदतीस वर्षं अभिमानाने सांगितली. तुझ्यासमोर."

त्यांनी सत्यजितला फोन लावला. "तिला विचार, शनिवारी आम्ही आलो तर चालेल का. नाही म्हणाली तर आग्रह करू नकोस."

तासाभराने उत्तर आलं. दोननंतर या.

रुवैसपर्यंत साडेतीन तासांचा रस्ता. एका बाजूला वाळू, मधेच समुद्राची निळी पट्टी, मग लांबवर रिफायनरीच्या चिमण्या. व्हर्लिनचं घर कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत तळमजल्यावर होतं. तिने दार उघडलं, आत घेतलं, बसा म्हणाली. कुमुद आणि सत्यजित बसले. चंद्रशेखर उभेच राहिले.

"मला उभं राहूनच बोलू दे," ते म्हणाले. "मी एकोणीस हा आकडा पाहिला. त्यामागे कोण आहे ते पाहिलं नाही. विचारणं माझं काम होतं. मी केलं नाही. तुझं नुकसान भरून देण्याचं माझं वय राहिलं नाही, आणि ते भरून येणारंही नाही. पण चूक माझी आहे, हे तुझ्या घरी येऊन सांगायचं होतं."

व्हर्लिनने त्यांच्यामागची खुर्ची पुढे ओढली. "बसा, सर. गुडघे दुखतात तुमचे, सत्यजितने सांगितलंय मला."

ते बसले. तिने कुमुदकडे पाहिलं.

"सरांवरचा राग गेला, मिस कुमुद. खरं तर तो सगळा त्यांच्या वाट्याचा नव्हताच. तुमच्यावरचा अजून नवीन आहे, आठच दिवसांचा. खोटं नाही सांगत."

"असू दे," कुमुद म्हणाली. "तो असेपर्यंत मी येत जाईन. चालेल?"

"चालेल. नसला तरी या."

तिने चहा केला. चहाबरोबर नारळ घालून भाजलेला पाव होता, तिने सकाळी केलेला. खाता खाता सत्यजितने विचारलं, त्या दिवसांत मी काय करायचो. लगेच त्याला वाटलं, विचारायला नको होतं. मेहेंदळ्यांच्या घरात ग्रेनाडाचं सगळं काही कितीदा तरी सांगून झालं होतं, पण त्या दिवसांचा विषय कोणी कधी काढलाच नव्हता. कुमुदने तर ते आठवायचंही टाळलं होतं, त्या दिवसांत काय काय चांगलं होतं तेसुद्धा.

"तू फार रडायचास," व्हर्लिन म्हणाली. "आईजवळ जायचं असायचं तुला. मग मी तुला खिडकीत उभं करायचे."

"आणि बस दिसली की तू बसच्या ड्रायव्हरला नावाने हाक मारायचीस," कुमुद म्हणाली. "तो भोंगा वाजवायचा."

"दोनदा वाजवायचा. एकदा याच्यासाठी, एकदा तुमच्यासाठी. मी त्याला सांगितलं होतं, आत एक बाई आजारी आहे."

हे कुमुदला माहीत नव्हतं. तिने कप खाली ठेवला. चंद्रशेखर पुढे वाकून ऐकत होते.

"पहिल्या दिवसापासून सांग," ते म्हणाले.

व्हर्लिनने त्यांचा कप पुन्हा भरला आणि सांगायला लागली.